वीपिंग फिगची पानं रोज गळताहेत, झाड वाचेल का?

तुम्ही लिहिलंय की दोन आठवड्यांपूर्वी आणलेल्या वीपिंग फिगची, म्हणजे फायकस बेंजामिनाची, पानं रोज मूठमूठ गळताहेत. त्यातली बरीच हिरवीच आहेत. तुम्ही रोज पाणी घालताय, जागा तीनदा बदलून झाली आहे आणि आता खत घालू का असं विचारताय.

खत नको. झाड सध्या जिथे आहे तिथे चांगला उजेड असेल तर ते तिथून हलवूही नका. बाकीचं सांगते, पण आधी एक काम करा. एखादी बारीक फांदी धरा आणि शेंड्यापासून वीतभर खाली साल नखाने किंचित खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं, पांढरा चीक आला, तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडी लागली आणि वाकवताच कटकन मोडली तर ती गेली. मग खोडाच्या दिशेने थोडं थोडं खाली खरवडत या आणि हिरवं कुठे लागतं ते पाहा. बहुतेक तुम्हाला ते फार लवकर सापडेल.

माझ्या झाडावर एका वेळी अकरा पानं उरली होती. रोज सकाळी जाऊन मोजायचे म्हणून आकडा लक्षात आहे. तेच झाड आज माझ्या डोक्याच्या वर गेलंय, म्हणून एवढ्या खात्रीने लिहितेय.

पान गाळणं हे जिवंत फांदीचं काम आहे. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर सुटा होतो आणि पान अलगद निसटतं. फांदी अचानक वाळून मेली तर हे काम अर्धवट राहतं आणि कुरकुरीत पानं तशीच लटकत राहतात. त्यामुळे हात लावताच पडणारी पानं पाहून पोटात गोळा येत असला, तरी फांदीवरच वाळून चिकटलेली पानं जास्त काळजीची.

आता ती का गळताहेत? तुमचं झाड बहुधा भरपूर उजेडात वाढलेलं आहे. उन्हात तयार झालेलं पान जाड असतं आणि ते जगवायला झाडाला खर्चही जास्त येतो. घरातल्या उजेडात त्या पानाची कमाई खर्चाइतकीही होत नाही. म्हणून झाड ती पानं टाकतं आणि नंतर नव्या उजेडाला साजेशी पातळ पानं काढतं. पण मध्येच कुंडी उचलून दुसऱ्या खोलीत नेली की हा हिशोब पहिल्यापासून सुरू होतो. तीनदा जागा बदलली म्हणजे झाडाला तीनदा नव्याने घर लावायला सांगितल्यासारखं झालं. प्रवासात बंद, अंधाऱ्या गाडीत काढलेल्या वेळेचाही त्रास पुढे काही दिवस दिसतो.

जागा निवडताना डोळ्यांवर विसंबू नका, आपले डोळे कमी उजेडाला फार पटकन सरावतात. भर दुपारी झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीत बोटं ओळखू आली तर जागा चालेल, नुसता पुसट डाग दिसला तर कमी आहे. खिडकीपासून हात-दोन हातांवर ठेवा, कारण पुढे उजेड झपाट्याने घटतो. सकाळचं कोवळं ऊन थेट आलं तरी उत्तम, पण घरात सरावलेलं झाड एकदम दुपारच्या कडक उन्हात नेऊ नका, पानं करपतील. पांढरट कडांची जात असेल तर तिला साध्या हिरव्या जातीपेक्षा जास्त उजेड लागतो. एसीचा किंवा हीटरचा झोत अंगावर येता कामा नये. तापमान १५ अंशांच्या खाली सहसा जाऊ देऊ नका.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण माझं झाड अकरा पानांवर आलं ते पाण्यामुळेच. कुंडी एका देखण्या, बिनभोकाच्या बाहेरच्या कुंडीत ठेवलेली होती. पानं पिवळी पडायला लागली, मला वाटलं तहान लागलीय, मी आणखी पाणी घातलं. एके दिवशी आतली कुंडी उचलली तर खाली चार बोटं पाणी साचलेलं आणि त्याला गटारासारखा वास. मुळं काळी पडली होती, ओढली की वरची साल बोटात यायची आणि मधला दोरा तेवढा उरायचा. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीत सतत पाणी राहिलं की मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड तहानल्यासारखं मलूल दिसतं. ते पाहून माणूस आणखी पाणी घालतो. यातच कितीतरी झाडं जातात.

तेव्हा रोजचं पाणी आजच थांबवा. बोट मातीत खुपसून पाहा. वरची दोन-तीन सेंटीमीटर माती कोरडी लागली की पाणी घाला, कुंडी मोठी असेल तर आणखी खालपर्यंत कोरडी होऊ द्या. घालाल तेव्हा मात्र खालच्या भोकातून वाहेपर्यंत घाला आणि अर्ध्या तासाने बशीतलं पाणी ओतून टाका. कपभर पाणी रोज शिंपडण्याने वर चिखल आणि खाली कोरडं असं होतं. माझा भरवसा बोटापेक्षाही वजनावर आहे. पाणी दिल्यावर कुंडी एका बाजूने किंचित उचलून बघा, चार दिवसांनी पुन्हा बघा. दोन-तीन वेळा केलंत की हातालाच कळायला लागतं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेली माती एकदा पूर्ण वाळली की पाणी शोषत नाही, ते कडेने सरळ खाली निघून जातं. तसं झालं तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवून ठेवा आणि मग नीट निथळू द्या. आणि पानं कमी झाली की झाडाला पाणीही कमी लागतं, हे विसरू नका.

खताचं एवढंच की नवी पालवी नीट सुरू झाल्यावर, वाढीच्या दिवसांत, सांगितलेल्या मात्रेच्या निम्मं द्या. कुंडीही आत्ता बदलू नका. मुळं कुजल्याचा वास येत असेल तरच बाहेर काढा, एरवी दोन-तीन वर्षांनी एकदा पुरे.

फरशी किंवा पानं चिकट लागताहेत का तेही पाहा. लागत असतील तर पानामागच्या मधल्या शिरेवर आणि कोवळ्या फांद्यांवर तपकिरी, मसुरीपेक्षा लहान उंचवटे शोधा. ती खवले कीड, झाडाचाच भाग वाटावी इतकी गपचूप बसते. नखाने काढा, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि दर आठवड्याला महिनाभर तरी पुन्हा करा, कारण पिल्लं नजरेला दिसत नाहीत. पानं मधोमध दुमडून आत काळे बारीक किडे असतील तर ते फुलकिडे. ती दुमडलेली पानं तोडून पिशवीत बंद करून टाका.

वाळलेल्या फांद्या कापायला हरकत नाही. हिरवी फांदी कापलीत तर चीक टपटपेल, त्यावर ओलं फडकं दाबून धरा, थोड्या वेळात थांबतो. हातमोजे घाला. वड, पिंपळ, उंबर यांचंच हे भावंड, चीक तसाच चिकट, आणि ज्यांना रबराच्या चिकाची अ‍ॅलर्जी आहे त्यांना याचाही त्रास होऊ शकतो. काहींना तर पानांवरच्या धुळीनेही शिंका येतात, म्हणून पानं अधूनमधून ओल्या कापडाने पुसावीत. मांजर किंवा कुत्रं पानं चघळत असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा, तोंडाची आग आणि उलट्या होतात. हवा शुद्ध व्हावी म्हणून झाड आणलं असेल तर ती आशा सोडून द्या. नासाच्या १९८९ च्या ज्या चाचण्यांचा दाखला दिला जातो त्या बंद पेटीतल्या होत्या, राहत्या खोलीतल्या नव्हेत. झाड सुंदर आहे, ठेवायला तेवढं कारण मला पुरतं.

आता काम वाट पाहण्याचं. उबदार दिवस असतील तर काही आठवड्यांत फांद्यांच्या टोकांना बारीक, टोकदार, घट्ट मिटलेले कोंब दिसतील. प्रत्येक कोंबावर एक पातळ आवरण असतं, आतलं पान उलगडताना ते निसटून खाली पडतं. कुंडीभोवती असे कागदासारखे टोकदार तुकडे दिसले तर पानगळ पुन्हा सुरू झाली असं समजून कुंडी हलवू नका, वर फांदीकडे बघा, तिथे नवं पान असेल.