नवा बबल टिप ॲनिमोन जागा सोडून फिरतोय, आकसतोय. काय करू?

तुम्ही लिहिलंय की 200 लिटरची खाऱ्या पाण्याची माशांची टाकी पाच महिन्यांची आहे. तीन दिवसांपूर्वी आणलेला बबल टिप (फुलासारखा दिसणारा, भुजा असलेला समुद्री प्राणी) पहिल्याच रात्री दगडावरून उतरून मागच्या काचेवर गेला, रोज आकसून गोळा होतो, काल तोंडातून तपकिरी चिकट काहीतरी टाकलं, आणि ऑसेलॅरिस जातीच्या क्लाऊनफिशची (ॲनिमोनच्या भुजांत राहणाऱ्या माशांची) जोडी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. यातलं एकही लक्षण मरणाचं नाही. जीव जाण्याचा खरा धोका सध्या दुसराच आहे: वेव्हमेकर, म्हणजे टाकीत प्रवाह तयार करणारा पंखा.

म्हणून उत्तर पुढे वाचण्याआधी उठून तेवढं करा. वेव्हमेकरला जाळी किंवा भरड स्पंजचं कव्हर बसवा, हीटरला गार्ड लावा, आणि पाणी ज्या फटींतून फिल्टरमध्ये जातं तिथेही जाळी लावा. रात्री फिरता फिरता ॲनिमोन पंखात ओढला गेला की सकाळी त्याचे तुकडे आणि दुधासारखं पाणी एवढंच उरतं, आणि त्यात बहुतेक वेळा मासेही जातात. स्पंज लवकर चोंदतो, तो एक-दोन दिवसांआड धुवावा लागतो. वेव्हमेकर कायमचा बंद ठेवू नका, ॲनिमोनला वाहतं पाणी हवंच असतं. वेग तेवढा कमी ठेवा.

आता तो का फिरतो, ते. बबल टिपला पाय दगडाच्या खोल फटीत, अंधारात रोवून बसायचं असतं आणि भुजा मात्र उजेडात पसरायच्या असतात. पाय लपवायला जागा मिळाली नाही की तो निघतो. आपण त्याला सपाट दगडावर छान दिसेल असा ठेवतो आणि तीच जागा त्याला नको असते. (लाँग टेंटॅकल आणि हॅडोनी कार्पेट या दुसऱ्या ॲनिमोन जातींचं वेगळं. ते वाळूत पाय पुरतात, त्यांना दगड नको.) तुमच्याकडे मुठीएवढी खोल भोकं असलेला एखादा दगड असेल तर तो काचेजवळ सरकवून ठेवा. तो त्यात जाईलच असं नाही, पण सोय असावी. कोरल असतील तर ती त्याच्या वाटेतून हलवा, कारण त्याच्या भुजा लागल्या की ती भाजतात.

त्याला काचेवरून ओढून काढू नका. पाय फाटला तर जखमेत जंतुसंसर्ग होतो आणि मग वाचणं अवघड. हलवायची वेळ आलीच, तर त्याच्यावर थेट प्रवाह सोडा, नको असलेला प्रवाह लागला की तो आपणहून सरकतो. दर दोन तासांनी काठीने डिवचून बघणारे मालक हा ॲनिमोनला होणारा सगळ्यात मोठा आजार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्याकडचे बबल टिप बसायला कधी दोन दिवस घेतात, कधी तीन आठवडे. एकदा बसला की महिनोन्‌महिने हलत नाही. बसलेला अचानक चालायला लागला, तर मात्र पाण्यात किंवा लाइटमध्ये काहीतरी बदललंय असं समजा.

आकसण्याचं काय? त्याला तोंड एकच. खाणं तिथूनच आत, घाण तिथूनच बाहेर. अंगातलं पाणी बदलायचं असलं की तो सगळा रिकामा होतो आणि काही तासांनी पुन्हा फुगतो. तपकिरी चिकट धागे म्हणजे बहुतेक त्याची विष्ठा आणि अंगातून बाहेर टाकलेलं जास्तीचं सूक्ष्म शैवाल. नव्या लाइटखाली आल्यावर हे होतंच.

हे शैवाल त्याच्या पेशींत राहतं, उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातला बराच वाटा त्याला देतं. त्यामुळे लाइट महत्त्वाचा, पण पहिल्या दिवसापासून पूर्ण नको. निम्म्या तीव्रतेने सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वर न्या. तो उंच ताणून लाइटकडे जात असेल तर उजेड कमी पडतोय, दगडामागे दडून बसला तर जास्त होतोय. तुमचा तपकिरी आहे हे चांगलं. पांढराशुभ्र किंवा भडक पिवळा दिसला असता तर शैवाल गमावलेला किंवा चक्क रंगवलेला निघण्याची शक्यता होती. उजेडाशिवाय जगणाऱ्या जातीही असतात बरं का. स्कॉटलंडच्या सर जॉन डॅलिएल यांनी 1828 मध्ये नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून उचललेला एक ॲनिमोन काचेच्या बरणीत 1887 पर्यंत जगला! ना पंप, ना लाइट, फक्त समुद्राचं पाणी नेमाने बदललं जायचं. पण ती थंड पाण्यातली, पकडून खाणारी जात. आपल्याकडच्या बबल टिपला ते जमणार नाही.

त्यावरून तुमचा तो प्रश्न, अलिबागहून समुद्राचं पाणी आणून टाकू का? नको. किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ असतो, सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात खारटपणा धाडकन उतरतो. आरओचं पाणी आणि समुद्री टाक्यांसाठी मिळणारं चांगलं सी सॉल्टच वापरा. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) 1.025 ते 1.026, तापमान 25-26 अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट 10 पीपीएमच्या खाली. पाच महिन्यांची टाकी ॲनिमोनसाठी कोवळीच आहे. मी कोणालाही निदान सहा महिने, जमलं तर वर्षभर थांबायला सांगतो. पण आणलाच आहे, तर आकडे स्थिर ठेवणं हेच तुमचं काम. थोडा कमी आकडा चालेल, सकाळ-संध्याकाळ बदलणारा चालणार नाही. एप्रिल-मेमध्ये चिलर (पाणी गार करणारं यंत्र) नसेल तर आपण पंखे लावतो. त्याने पाणी गार होतं, पण उडतंही भराभर आणि खारटपणा चढतो. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओ पाणी रोज घाला, मिठाचं नाही. लाइट जाते त्या भागात असाल तर बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा. आणि माशांना पांढरे ठिपके आले तरी या टाकीत तांब्याचं औषध कधीही घालू नका, ॲनिमोन त्याने मरतोच.

खाणं आत्ता नको. तो एका जागी बसून पूर्ण फुलू लागला की नखाएवढा कोळंबीचा तुकडा किंवा थोडे मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) भुजांवर अलगद सोडा, आठवड्यातून एकदा-दोनदा. भुजा चिकटून तुकडा तोंडाकडे गेला तर उत्तम. थुंकला तर आग्रह करू नका, तुकडा काढून टाका.

क्लाऊनफिशचं म्हणाल, तर ऑसेलॅरिस निसर्गात बबल टिपमध्ये राहतच नाही. तिचे यजमान मॅग्निफिसंट आणि कार्पेट जातींचे ॲनिमोन. त्यात तुमची जोडी बहुधा हॅचरीत वाढलेली, तिने जन्मात ॲनिमोन पाहिला नसेल. टाकीत पुष्कळदा जमतं, कधी आठवड्यात, कधी वर्षाने, कधी नाहीच. नाही जमलं तरी दोघांचंही काही अडत नाही. उलट आत्ता माशांनी त्याच्या अंगावर लोळणं त्याला त्रासाचंच झालं असतं.

घाबरायचं ते पुढच्या गोष्टींना: तोंड दिवसभर आ वासलेलं आणि आतडी बाहेर आलेली, पाय कुठेच न धरता प्रवाहाबरोबर लोळणं, कातडीचे चोथे सुटणं, आणि कुजका वास. वास ओळखायला चुकणार नाही. तसं झालं तर उद्यावर ढकलू नका. हातमोजे घालून त्याला डब्यात घेऊन बाहेर काढा, लगेच पाव टाकी पाणी बदला, ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला आणि पुढचे दोन-तीन दिवस रोज अमोनिया मोजा.