होया दे सेरेनच्या भिंती: सारवणे की लिंपणे?

एका वाचकाने विचारले आहे की, एल साल्वादोरमधील होया दे सेरेन या प्राचीन गावाविषयी लिहिताना ‘मातीने सारवलेल्या भिंती’ आणि ‘नांगरलेली शेते’ असे शब्दप्रयोग चालतील काय. माझ्या मते दोन्ही टाळावेत.

इ.स. ६००च्या सुमारास लोमा काल्देरा ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले हे शेतकऱ्यांचे गाव १९७६ साली धान्याच्या कोठारांसाठी जमीन सपाट करताना उजेडात आले. पुढे पुरातत्त्वज्ञ पेसन शीट्स यांनी तेथे उत्खनन केले आणि १९९३ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या काळी मध्य अमेरिकेत गायीबैल नव्हतेच; ते सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आले. ‘सारवणे’ म्हटले की मराठी वाचकापुढे शेणकाला उभा राहतो, म्हणून जेथे शेणच नव्हते तेथे हे क्रियापद वापरल्यास नकळत खोटे चित्र रेखाटले जाते. ‘लिंपणे’ला असे बंधन नाही, कारण माती, चुना, औषधी लेप असे काहीही लिंपता येते.

भिंतीसाठी मात्र आपल्याकडे नेमका शब्द तयार आहे, तो म्हणजे ‘कूड’. उभ्या-आडव्या काठ्या बांधून त्यांवर दोन्ही बाजूंनी चिखल थापण्याच्या ज्या पद्धतीला तिकडे स्पॅनिशमध्ये ‘बाहारेके’ म्हणतात, तीच कोकणातल्या कुडाची रीत आहे. सेरेनची घरे मातीच्या जोत्यावर उभी होती आणि त्यांची छपरे गवताने शाकारलेली होती, त्यामुळे ‘जोते’ आणि ‘शाकारणे’ हे शब्दही निःशंकपणे वापरावेत. इतक्या दूरच्या घराचे वर्णन आपल्या घरगुती शब्दांत बसते, याचा मला फार आनंद वाटतो.

‘नांगरलेली’ या शब्दाची अडचणही तीच आहे. ओढायला जनावर नव्हते आणि नांगरही नव्हता; मशागत हाताने, टोकदार काठीने होत असे. मक्याचे वरंबे राखेखाली जसेच्या तसे राहिले, आणि कुजून गेलेल्या ताटांच्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून त्या पिकाचे साचे संशोधकांना मिळवता आले. अशा शेताला ‘सरी-वरंब्यांचे शेत’ म्हणावे.

एकूण वाक्य असे लिहिता येईल: ‘मातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती, गवताने शाकारलेली छपरे आणि घरांलगत मक्याचे सरी-वरंबे.’