पॅरासॉरोलोफसच्या कवटीचा अभ्यास करताना तुऱ्याचा भाग शेवटी घेतला तर चालेल का?

पॅरासॉरोलोफस या बदकचोच्या डायनोसॉरची कवटी अभ्यासताना दात व जबडे आधी आणि डोक्यावरचे 'शिंग' शेवटी घ्यावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सुरुवात तुऱ्यापासूनच करावी, कारण ते शिंग नव्हे, नाक आहे.

मी माणसाची शरीररचना शिकवतो. डायनोसॉर हा केवळ छंद. आपला चष्मा जेथे टेकतो तेथे नासिकास्थींची लहानशी जोडी असते. पॅरासॉरोलोफसमध्ये हीच हाडे आणि वरच्या जबड्याच्या टोकाचे प्रीमॅक्सिला हे हाड मागे वाढत जाऊन तुरा बनतो. तो आतून पोकळ असतो. नाकपुडीतून आत गेलेली हवा तुऱ्याच्या टोकापर्यंत जाते, तेथे वळते आणि परत खाली येऊन घशाकडे उतरते.

ही वाट नीट समजली की जुने तर्क आपोआप गळून पडतात. पाण्याखाली श्वास घेण्याची नळी म्हणावी, तर तुऱ्याच्या टोकाला छिद्रच नाही. वास घेण्यासाठी तो वाढला म्हणावा, तर याच गटातील इतर डायनोसॉरांच्या मेंदूच्या पोकळीचे सीटी स्कॅन करून इव्हान्स, रिजली व विटमर यांनी २००९ मध्ये दाखवले, की मेंदूचा गंधाशी संबंधित भाग लहानच होता. याउलट या डायनोसॉरांचा अंतर्कर्ण खर्जातले आवाज ऐकण्याजोगा होता. तुरा आवाज घुमवत असावा, हे डेव्हिड वाइशाम्पेल यांनी १९८१ मध्येच मांडले होते, आणि मला तेच पटते. अर्थात, जोडीदाराला किंवा कळपाला दिसावा हाही त्याचा उपयोग असणारच.

दुसरी खबरदारी वयाची. केवळ तुऱ्याच्या आकारावरून जाती ठरवण्याच्या सवयीने या गटात बराच घोळ झाला होता. पीटर डॉडसन यांनी १९७५ मध्ये कवट्यांची मोजमापे घेऊन दाखवले, की वेगळ्या मानलेल्या कित्येक 'जाती' म्हणजे पिल्ले किंवा एकाच जातीतले फरक होते. म्हणून एकाच कवटीवर, विशेषतः १९२२ मध्ये पार्क्स यांनी वर्णन केलेल्या अल्बर्टातील प्रसिद्ध नमुन्यावर, विसंबून राहू नये. त्याच्याशेजारी यूटात सापडलेले 'जो' नावाचे पिल्लू ठेवावे. साधारण अडीच मीटर लांबीच्या आणि एक वर्षही पूर्ण न झालेल्या या पिल्लाच्या डोक्यावर नळी नाही, नुसता उंचवटा आहे. तरीही, याच गटातील कोरिथोसॉरस या डायनोसॉरच्या तुऱ्याची वाढ कवटी पूर्ण लांबीच्या निम्मी झाल्यावर सुरू होते, तर इथे ती पाव लांबीच्याही आधी सुरू झालेली दिसते.

'जो'चे २०१३ मधील वर्णन आणि त्रिमितीय प्रतिकृती जालावर विनामूल्य मिळतात. प्रतिकृती उघडल्यावर प्रथम नाकपुडी शोधावी आणि हवेची वाट घशापर्यंत कागदावर काढावी. दातांकडे त्यानंतर वळावे.