लायना रिंकवर पहिल्यांदा जाताना

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात नवीन आहात, मित्रांनी हार्वर्डविरुद्धच्या आइस हॉकी सामन्याचं तिकीट काढलंय, आणि टीव्हीवर पकच दिसत नाही म्हणून जावं की नको, असं विचारलंय. जाच! कॉर्नेलच्या गावात, इथाकात, मी सहा हिवाळे काढले, त्यातले बरेच शुक्रवार-शनिवार लायना रिंकवर, म्हणजे कॉर्नेलच्या आइस हॉकीच्या बर्फाच्या मैदानावर.

पक म्हणजे 3 इंच व्यासाची, 1 इंच जाडीची रबरी चकती. ती फार उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. तिच्यामागे डोळे पळवलेत तर पाच मिनिटांत थकाल. खेळाडू बघा. ते कुठे वळतायत, कोण मोकळा सुटलाय, हे दिसू लागलं की पक कुठे असेल ते आपोआप कळतं. खेळ चालू असतानाच कठड्यावरून उड्या मारत पाच जण आत आणि पाच बाहेर होतात, त्याने गोंधळू नका. त्या वेगात कुणी मिनिटभराच्या वर टिकत नाही. नियमांपैकी सध्या दोनच लक्षात ठेवा: हल्ला करणारा खेळाडू पकच्या आधी समोरच्या संघाच्या बाजूची निळी रेषा ओलांडून आत गेला तर ऑफसाइड, आणि साधा फाउल करणारा दोन मिनिटं बाहेर, तेवढा वेळ त्याचा संघ एकाने कमी. बाकीचं बघता बघता येतं.

जागा मात्र विद्यार्थ्यांच्या बाजूलाच घ्या. तिथे सामनाभर उभं राहतात, आणि खरा खेळ मला तिथेच कळला. पाहुण्या संघाची नावं पुकारताना सगळे वर्तमानपत्र उघडून वाचत बसल्याचं दाखवतात. राष्ट्रगीतात 'रेड' शब्द आला की अख्खी रिंक तो ओरडते, कारण कॉर्नेलचा रंग लाल. गोल झाला की समोरच्या गोलीला, म्हणजे गोलरक्षकाला, 'सीव्ह' म्हणजे चाळण म्हणून हिणवतात. हार्वर्डचा संघ आला की बर्फावर मासे पडतात. 1973 मध्ये हार्वर्डच्या प्रेक्षकांनी कोंबडी फेकून कॉर्नेलच्या शेतकी कॉलेजला डिवचलं, त्याचं हे उत्तर, असं सांगतात. तुम्ही काही फेकू नका. त्यापायी आपल्याच संघाला दंड होऊ शकतो.

एवढं प्रेम कशाला, असं वाटेल. इथे केन ड्रायडन गोली होते. 1967 ला कॉलेज संघांचं राष्ट्रीय अजिंक्यपद, आणि तीन हंगामांत त्यांच्या वाट्याला फक्त चार पराभव. ते कॉलेज सोडून गेल्यावर 1970 मध्ये संघाने 29 पैकी 29 सामने जिंकले. छोट्या, थंड गावातली पोरं हे मनात जपून ठेवतात, आणि नव्या माणसाला हात धरून शिकवतात. मलाही शेजारच्या अनोळखी मुलीनेच ऑफसाइड समजावलं होतं.

स्वेटर, टोपी घ्या, आत चांगलंच गारठतं. वर्तमानपत्र विसरू नका. पहिला गोल कदाचित दिसणारही नाही. गोलमागचा लाल दिवा लागला की ओरडा.