सीपॅप मशीन रोज ४ तास लावले तर पुरेसे आहे का?

आपण लिहिले आहे की झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे हे मशीन जेमतेम ४ तास लागते, पहाटे जाग येते तेव्हा मास्क उशाशी पडलेला असतो, आणि मशीन देणारा मात्र ‘४ तास म्हणजे पुष्कळ’ असे सांगतो. त्याचे ऐकू नये. हा आकडा मुळात अमेरिकेतील सरकारी विम्याच्या नियमातला आहे. सलग ३० दिवसांत निदान ७० टक्के रात्री ४ तास वापर दिसला की ते मशीनचे पैसे पुढे चालू ठेवतात. झोपेचा हिशेब वेगळा आहे. स्वप्नांची झोप बहुतांशी रात्रीच्या उत्तरार्धात येते, तेव्हा घशाचे स्नायू अधिकच सैल पडतात आणि पुष्कळांचा श्वास सर्वांत जास्त त्याच वेळी अडकतो.

माझेही पहिले दोन महिने असेच गेले. तपासणीत तासाला ४१ वेळा श्वास अडकत असल्याचे निघाले होते, तरी मशीन रात्री ३ तासांपुढे जाईना. मशीनमधल्या मेमरी कार्डावरची नोंद पाहिली तेव्हा हवेची गळती भलतीच निघाली, आणि तिचे कारण होते माझी मिशी. नाकावरच्या मास्कची कड त्या झुपक्यावर नीट बसत नसे, हवा डोळ्यांकडे सुटे आणि मी झोपेतच पट्टे ओढून काढत असे. शेवटी एका रविवारी मी मिशी उतरवली. त्या वेळी वडील हयात होते. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो, ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. गावी गेलो तर थोरल्या भावाने ओसरीवरच अडवले, “आबा बाजेवर धडधाकट बसलेत आणि तू हे तोंड घेऊन आलास?” आबांनी मात्र वस्तरा कुठे लावलास, एवढेच विचारले.

त्या महिन्यात वापर साडेसहा तासांवर गेला आणि परभणी-जिंतूर एसटीत उभ्या उभ्या पेंगणे थांबले. पुढे चार वर्षांनी आबा गेले. दहाव्याला गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर सगळे भाऊबंद न्हाव्यापुढे बसलेले असताना दादा मोठ्याने म्हणाले, “याचं तर आधीच उरकलंय.” ते वाक्य मी अजून गिळलेले नाही.

मास्क झोपेत निघतो तो बहुधा गळती, कोरडे तोंड किंवा चोंदलेले नाक यांमुळे. म्हणून आधी कार्डावरची गळती पाहावी. दुपारी जागेपणी वर्तमानपत्र वाचताना अर्धा तास मास्क लावून बसल्याने चेहऱ्याला त्याची सवय होते. पहाटे तीनला जाग आली तरी तो पुन्हा लावावा, ‘आता काय उजाडेलच’ असे म्हणू नये. हवा ओलसर करण्यासाठी मशीनला पाण्याचा डबा असतो, त्यात बोअरचे पाणी घालू नये, क्षार बसतात. डिस्टिल्ड वॉटर वापरावे. उन्हाळ्यात रात्री लाइट जाते, तेव्हा मशीन इन्व्हर्टरवर घ्यावे, परंतु पाणी तापवणे बंद करावे, कारण खरी वीज तेच खाते. हवेचा दाब मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये. मी केवळ रुग्ण आहे.

आणखी एक सांगायला हवे. प्रत्येकाने मिशी काढावी असे माझे म्हणणे नाही. थेट नाकपुड्यांशी बसणाऱ्या छोट्या उशांचा मास्क मिळतो आणि तो अनेकांना मिशीसह चालतो. मला हे फार उशिरा कळले आणि दादांना मी ते अद्याप सांगितलेले नाही. घाटावरून परतल्या रात्री आम्ही एकाच खोलीत होतो. त्यांचे घोरणे मध्येच तुटे, मी आकडे मोजत बसे, आणि एकदा २८ पर्यंत मोजल्यावर ते गचका देऊन पुन्हा सुरू झाले. त्यांनी झोपेची तपासणी करून घेतली पाहिजे. त्यांची मिशी शाबूत राहील.