‘आता उशीर झाला का?’ : एका ड्रायव्हिंग शिक्षकाचं रेसिंग

नोकरी किंवा धंदा लागलेला आहे, संसार उभा आहे, घराचे हप्ते चालू आहेत आणि मनात मात्र दुसरंच काहीतरी करायचं राहून गेलंय. मी समुपदेशक आहे. ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या खोलीत अशी माणसं वरचेवर येतात. कुणाला शास्त्रीय गाणं शिकायचं असतं, कुणाला बँक सोडून गावची जमीन कसायची असते. प्रश्न बहुतेकांचा एकच असतो, "आता उशीर झाला का?" आणि जोडीदाराचा प्रश्न सहसा उशिरा, हळू आवाजात येतो, "मग आमचं काय?"

हे दोन्ही प्रश्न ज्या घरात एकदमच उभे राहिले, त्या घराची ही गोष्ट. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गृहस्थ मोटार ट्रेनिंग स्कूल चालवतात. शिकणारे सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात, तेव्हा मीही सरच म्हणते.

आधी आल्या त्या त्यांच्या पत्नी, एकट्याच. भिशीचा नंबर लागला होता, पैसे मुलीच्या शाळेसाठी ठेवले होते आणि ते कपाटात नव्हते. दर रविवारी ‘आरटीओचं काम आहे’ सांगून सर गो-कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या, बुटक्या रेसिंग गाड्यांच्या ट्रॅकवर जात होते. "ताई, बत्तीस वर्षांचा माणूस. पोरांबरोबर गाड्या पळवतो. मला म्हणतात, रेसर व्हायचंय." त्या रडत नव्हत्या, चिडलेल्या होत्या. मी विचारलं, नेमका राग कशाचा आलाय? रेसिंगचा, पैशांचा की न सांगितल्याचा? त्यांनी बराच विचार केला. "विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं."

हे उत्तर मी वहीत लिहून ठेवलं, कारण पुढचं सगळं काम त्यावरच झालं. माझ्यासमोर आलेल्या अशा घरांमध्ये भांडण वयावरून किंवा स्वप्नावरून क्वचितच पेटलेलं असतं. ते पेटतं चोरून केलेल्या खर्चावरून, आणि हा खर्च कुठे थांबणार हे कुणालाच ठाऊक नसतं त्यावरून.

सर आले तेव्हा अवघडून बसले. बोलते झाले ते कामाविषयी विचारल्यावर. सकाळी सहाला पहिली बॅच. घोडबंदरचा सर्व्हिस रोड, मग उपवनकडचा चढ, हाफ क्लचवर गाडी धरायला शिकवण्यासाठी. दिवसभर डाव्या सीटवर, पायाखाली दुसरा ब्रेक, गाडी दुसऱ्या गिअरच्या वर क्वचितच. "मॅडम, मी दिवसाला आठ तास गाडीत असतो आणि एक मिनिटही गाडी चालवत नाही." त्यांचे वडील एसटीत चालक होते, खोपट डेपोला. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा, त्याबद्दल महामंडळाने केलेला सत्कार, भिंतीवर त्याचा फोटो. घरात गाडी चालवणं म्हणजे काय, हे त्या फोटोने ठरवलेलं.

पहिल्याच भेटीत त्यांनी मोबाईलवर ग्रॅहम हिल या इंग्लिश चालकाची माहिती दाखवली. गडी चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा ड्रायव्हिंग लायसन्स काढतो. रेसिंग स्कूलमध्ये मेकॅनिकचं काम करून त्या बदल्यात गाडी चालवायला मिळवतो. 1958 मध्ये मोनॅकोला फॉर्म्युला वनमध्ये, म्हणजे रेसिंगच्या सगळ्यात वरच्या जागतिक स्पर्धेत उतरतो आणि 1962 व 1968 मध्ये जगज्जेता होतो. "मग मी का नाही?"

उदाहरण खरं आहे. पण तो काळ वेगळा होता, आणि एका माणसाला जमलं म्हणून वाट खुली आहे असं होत नाही. मी त्यांना नारायण कार्तिकेयनचं पाहायला सांगितलं. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, 2005 साली. त्याचे वडील स्वतः मोटार रॅली जिंकलेले, आणि मुलगा जेमतेम पंधरा वर्षांचा असताना फ्रान्सच्या रेसिंग स्कूलमध्ये दाखल झालेला. आज तर मुलं सात-आठ वर्षांची असताना कार्टमध्ये बसतात आणि अख्ख्या जगात फॉर्म्युला वनच्या जागा वीस-बावीस. बत्तिसाव्या वर्षी ठाण्यातून ती शिडी चढता येत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. समुपदेशकाने कुणाचं स्वप्न मोडू नये असं लोक म्हणतात. माझं मत उलट आहे. जो दरवाजा बंद आहे तो बंद आहे हे कुणीतरी प्रेमाने सांगायला हवं, नाहीतर माणूस त्याच दारावर पाच वर्षं आणि बायकोचे दागिने घालवतो.

त्यानंतर मी विचारलं, रेसिंगमध्ये फॉर्म्युला वन सोडून काय काय असतं? याचं उत्तर त्यांना नीट देता आलं नाही. मग तोच गृहपाठ दिला. स्पर्धा कुठे होतात, लायसन्स कोण देतं, खर्च कशाकशाचा, आणि या खेळात पैसे मिळतात ते नेमके कुणाला. पत्नीने सोबत बसून लिहायचं, अशी अट घातली.

ते दोघं वही घेऊन आले तेव्हा खोलीतली हवा बदललेली होती. रेसिंगचं लायसन्स आरटीओचं नसतं. ते एफएमएससीआय ही मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संघटना देते, आणि त्याआधी वैद्यकीय तपासणी असते. कायमचे मोठे ट्रॅक मोजकेच : कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे सुमारे 2.1 किलोमीटरचा, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा सुमारे 3.7 किलोमीटरचा, आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट 5.125 किलोमीटरचा. म्हणजे ठाण्याच्या माणसाला कोइम्बतूरची रेस असेल तर एक दिवसाहून जास्त रेल्वेप्रवास, आणि शनिवार-रविवार गेलाच. ट्रेनिंग स्कूलची खरी कमाई शनिवार-रविवारच्याच बॅचची. ही गोष्ट पत्नीने लाल पेनाने लिहिली होती. रेसिंग सूट, हेल्मेट, प्रवेश फी, टायर, सराव, आणि गाडी ठोकली तर नुकसानभरपाई, जी बहुतेक वेळा चालकाच्याच डोक्यावर येते. आपला नेहमीचा मोटार विमा रेसिंगला लागू होत नाही, हेही त्यांनी शोधून काढलं होतं.

आणि पैसे कुणाला मिळतात? बहुतेक चालक पैसे देऊन धावतात. ज्यांना मिळतात, त्यांतले बरेच जण शिकवून मिळवतात. रेसिंग स्कूलमध्ये, किंवा वाहन कंपन्या ग्राहकांना ट्रॅकवर नेतात तिथे. हे वाचून दाखवताना सरांचा आवाज पडला. माझे मात्र कान टवकारले. ज्या कामाला ते कंटाळले होते, त्याच कामाची तिथे किंमत होती.

वडिलांना बोलवायचं ठरलं. ते आले ते मुलावर रागावूनच. "पंचवीस वर्षं मी गाडीला ओरखडा येऊ दिला नाही, आणि हा वेगाची हौस करणार." मी सरांना म्हटलं, मला समजावू नका, बाबांना समजावा. मग त्यांनी समजावलं. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, समोरून कुणी येत नाही, मध्ये माणूस नाही, गाय नाही, रिक्षा नाही. पिवळा झेंडा दिसला की ओव्हरटेक बंद, लाल दिसला की रेस बंद. हेल्मेट खांद्यावरच्या पट्टीला जोडलेलं असतं, धडक बसली तर मान झटकून पुढे जाऊ नये म्हणून. वडिलांनी विचारलं, "आणि तरी माणूस मरतो का?" सर गप्प झाले. स्पर्धेतल्या अपघातांत अनुभवी रेसरचेही मृत्यू झाले आहेत, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते बाबांना सांगितलं. मला ती त्या सगळ्या महिन्यांतली सगळ्यात महत्त्वाची घटना वाटते. लपवण्याची सवय त्या वाक्याला मोडली.

बाबांनी होकार दिला नाही, एक अट मात्र घातली : रस्त्यावर वेग दिसला तर सगळं बंद. नवी मुंबईच्या पामबीच रोडवर रात्री गाड्या पळवणारी पोरं त्यांनी पाहिली होती. सरांना ही अट मान्य होती. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, हे ते प्रत्येक बॅचला शिकवतात. पुढे गौरव गिल या रॅलीचालकाला 2019 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाल्याचं नातीने आजोबांना वाचून दाखवलं. मोटरस्पोर्टमधला तो पहिलाच अर्जुन पुरस्कार. सरकार याला खेळ मानतं, एवढं त्यांना पुरलं.

मग पैशांचा कागद झाला. भिशीचे पैसे आधी परत. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात, त्याला हात नाही. घर आणि सोनं यांवर कर्ज नाही. वर्षाला इतकी रक्कम रेसिंगची, ती बुडाली असं आजच धरायचं. आणि दर एप्रिलमध्ये दोघांनी बसून पुढचं वर्ष ठरवायचं. ‘ट्रेनिंग स्कूल बंद करू की नको’ हा प्रश्न मी त्या कागदावर येऊच दिला नाही. तो प्रश्न विचारला की माणसाला तिथल्या तिथे शूर किंवा भित्रा ठरावं लागतं, आणि दोन्ही वेळा निर्णय माहितीशिवाय होतो.

त्याऐवजी विचारलं, पुढे जायचं की थांबायचं हे कशावरून ओळखाल? रेसिंगला हा मोठा फायदा आहे. गाणाऱ्याला किंवा लिहिणाऱ्याला आपण कुठे आहोत हे कळायला वर्षं जातात, इथे घड्याळ प्रत्येक फेरीला सांगतं. त्याच प्रकारच्या गाडीत सगळ्यात वेगवान चालकापेक्षा आपण किती मागे, आणि आपल्याच दहा फेऱ्यांच्या वेळा किती जवळजवळ येतात, हे दोन आकडे त्यांनी निवडले. जिंकणं निवडलं नाही. मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

कोइम्बतूरच्या पहिल्या प्रशिक्षणाहून ते आले ते थक्क होऊन. शिक्षकाच्या सवयी आड येत होत्या. वर्षानुवर्षं लवकर आणि हलका ब्रेक मारायची सवय. ट्रॅकवर उलट : सरळ असताना ब्रेक पूर्ण ताकदीने, आणि गाडी वळायला लागली की पाय हळूहळू सैल. टायरची पकड ठरावीकच असते. ती सगळी ब्रेकला दिली तर वळायला उरत नाही. नजरही तशीच. दिवसभर बॉनेटच्या पुढचे दहा मीटर पाहणारे डोळे वळणाच्या पार, बाहेर पडायच्या जागेवर ठेवायचे. पहिल्या मोसमात ते पार मागे होते आणि एकदा गाडी ठोकली, त्या वर्षाची रक्कम ऑगस्टमध्येच संपली. मग? मग उरलेलं वर्ष घरी. कागदावर तसंच ठरलं होतं, म्हणून भांडण झालं नाही. वाईट वाटलं, तेवढंच.

पण एक गोष्ट प्रशिक्षकांच्या लक्षात आली. गाडीतून उतरल्यावर ती कुठल्या वळणावर पुढून सरकली, कुठे मागून सुटली, हे सर बारकाईने सांगू शकत. वेगवान असलेल्या कितीतरी पोरांना ते जमत नाही. शेजारी बसून शिकणाऱ्याचा पाय ब्रेकवर जायच्या आधी त्याच्या खांद्यावरून ओळखणं, हे त्यांनी घोडबंदरला हजारो वेळा केलं होतं. दुसऱ्या वर्षी त्यांना ट्रॅकवर सहायक प्रशिक्षक म्हणून बोलावणं आलं, मानधनासह. त्या मानधनातून पुढच्या रेसची फी निघाली. एका ओळखीच्या टायर दुकानदाराने थोडी मदत केली, त्याचं नाव गाडीवर आलं. तिसऱ्या मोसमात सर गटाच्या मधोमध होते, आणि फेऱ्यांच्या वेळा एकमेकींना चिकटून येत होत्या. नाशिककडे मातीवरच्या ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे घड्याळ लावून घेतलेल्या छोट्या शर्यतीत तर त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. तिथे बाबा गेले होते. "गाडी सीटमधून कळते, हे याला आता कळलं," एवढंच बाबा मला म्हणाले.

आज त्यांची निम्म्याच्या आसपास कमाई ट्रॅकवरून येते. त्यात शिकवण्याचा वाटा मोठा आहे, धावण्याचा लहान. त्यांना चालक म्हणून पैसे मिळायला लागायला सहा वर्षं गेली. ट्रेनिंग स्कूल चालू आहे. एक शिक्षक ठेवला आहे, आरटीओचे कागद आणि हिशेब पत्नी पाहतात. शिक्षक नेमताना दहावी पास, पाच वर्षांचा अनुभव, मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र हे सगळं त्यांनीच तपासून घेतलं. यंदाच्या एप्रिलच्या बैठकीत मुलीची अकरावीची फी समोर होती, म्हणून या मोसमात ते धावणार नाहीत, फक्त शिकवणार आहेत. सरांना ते जड गेलं, हे त्यांनी लपवलं नाही. पुढच्या वर्षीची रक्कम किती, यावर अजून दोघांचं जमलेलं नाही. पत्नीचा आकडा कमी आहे, सरांचा जास्त. त्यासाठी दिवाळीनंतर पुन्हा बसायचं ठरलं आहे.