आठशे कनेक्शन्स आणि एक मूठ वाळू

प्रश्न : मी कोल्हापुरात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात सांगतात, नेटवर्किंग करा. बाबा म्हणतात, ओळखीशिवाय काही होत नाही. लिंक्डइनवर आठशे कनेक्शन्स झाली, उत्तर कुणाचंच येत नाही. एका कार्यक्रमात दहा जणांना स्वतःहून भेटले आणि घरी आल्यावर लाज वाटली. मला पुढेपुढे करणं जमत नाही. माझं कसं होणार?

उत्तर : तुझं चांगलं होईल. पण त्या आठशे जणांना तू काय लिहिलंस? 'सर, व्हेकन्सी असेल तर कळवा', असंच ना? मलाही असे मेसेज रोज येतात. मनात असूनही उत्तर सुचत नाही, कारण त्यात मला असं काही विचारलेलंच नसतं.

तू राहतेस कुठे ते बघ. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्र्या आहेत, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून भाग बनवणारे कारखाने. तुझ्या पुस्तकात ब्लो होलवर, म्हणजे ओतलेल्या धातूत वायू अडकून राहिलेल्या पोकळीवर, फार तर अर्धं पान असेल. तिथल्या सुपरवायझरसाठी ब्लो होल म्हणजे गिऱ्हाइकाने परत पाठवलेला माल. विभागप्रमुखांचं पत्र घे, पायात बूट घाल आणि एखाद्या फाउंड्रीत जा. विचार, 'पावसाळ्यात रिजेक्शन वाढतं का? वाळूतला ओलावा कसा ओळखता?' तिथला जुना मोल्डर, म्हणजे साचे बनवणारा कारागीर, वाळू मुठीत दाबून दाखवेल. मूठ उघडली की गोळा टिकला पाहिजे, मोडला की कडा स्वच्छ राहिल्या पाहिजेत. तो दाखवत असताना तुला लाज वाटायला सवडच मिळणार नाही.

खरं काम त्यानंतरचं. कॉलेजच्या लॅबमध्ये तसंच करून बघ आणि पंधरा दिवसांनी त्यांना जाऊन सांग : पाणी जास्त झालं तेव्हा काय झालं, कुठे अडलं. सल्ला मागायला येणारी मुलं पुष्कळ. सल्ल्याचं पुढे काय केलं हे सांगायला परत आलेली मुलं मला बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. ती सगळी नावानिशी लक्षात आहेत. त्यांतल्या एकीसाठी मी गेल्या वर्षी, तिने न मागता, एका कारखान्यात फोन केला.

बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली लिहून ठेवलंय : बॉस्टनजवळ त्याने ज्यांच्याशी बोलून पाहिलं, त्यांच्यापैकी ओळखीतून नोकरी मिळालेल्यांत जेमतेम १७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या व्यक्तीशी वरचेवर गाठ पडत होती. बाकीच्यांची कधीमधी, नाहीतर क्वचितच. घरच्यांना आणि मैत्रिणींना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी लांबच्या माणसाकडून येते. वशिल्याला नात्यातला काका लागतो. इथे तो मोल्डरही चालतो, फक्त त्याला तू आठवली पाहिजेस.

पहिल्या भेटीला बायोडेटा नेऊ नकोस, वही ने. आणि काय पाहिलंस ते मला लिही. मी वाट बघतो.